विहिरीवरच्या डब्याचा डेटा

शुक्रवारी सकाळी हंबीररावांच्या घरात एकच संदेश चार वेळा वाजला. आधी त्यांच्या स्वतःच्या फोनवर, मग बायकोच्या, मग शिवांजलीच्या आणि शेवटी साळूबाईंच्या बटणांच्या फोनवर. ‘आपल्या पॅकची मुदत रविवारी संपत आहे.’ पाचवा संदेश गेला विहिरीवर, मोटारीच्या डब्यात.

पलूसच्या त्या भागात शेताची वीज कधी पहाटे येते, कधी भर दुपारी. म्हणून जवळजवळ प्रत्येक विहिरीवर असा डबा बसवलेला आहे. त्यात एक सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावला की मोटार सुरू होते, पुन्हा लावला की बंद. वीज आली की डबाच मालकाला तसं कळवतो. एवढंच त्याचं काम. पण सिमकार्ड आलं म्हणजे रिचार्ज आला!

असा संदेश कुणाच्या घरी येत नाही? आपण कपाळाला आठी घालतो, कंपनीला दोन शब्द सुनावतो आणि मागच्या वेळी मारला तोच रिचार्ज पुन्हा मारतो. हंबीररावही तेच करत आले होते. फक्त त्यांच्या करण्याला शिस्त होती. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. त्यातली शेवटची आठ वर्षं स्टोअरचा हवालदार म्हणून. एका जवानाला जे ताट, तेच शेजारच्याला. जो चहाचा मग याला, तोच त्याला. घरी आल्यावर त्यांनी रिचार्जलाही तोच नियम लावला होता. पाच नंबर, पाचही सारखे. रोज दोन जीबी.

“सगळे या हिकडं,” त्यांनी सोप्यातून हाक दिली. “आय, तू बी.”

“मी कशाला रं? माझा फोन चालतोय की,” साळूबाई आतून म्हणाल्या.

“चालतोय म्हणूनच भरायचा असतोय. ऐका. दर पुन्यांदा चढल्यात. पाच नंबरांचं सतराशे पंचेचाळीस रुपये होत्यात. तवा ह्या बारीपासनं सगळे दोनावरनं एकावर. रोज एक जीबी. आय, शिवाची आई, मी, शिवा आन विहिरीवरचा डबा. सगळ्यांना सारखं. कुणावर अन्याव न्हाई.”

शिवांजलीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

बारावी सायन्स झालेल्या या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. सांगलीतली एक संस्था खेड्यातल्या चाळीस मुलींकडून प्रवेशपरीक्षेची तयारी फुकट करून घेते. निवडचाचणीत शिवांजली अकरावी आली होती. रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ मोबाईलवर वर्ग चालायचा, कॅमेरा चालू ठेवून. नियम कडक होता. वर्ग चालू असताना कुणाची जोडणी तुटली की नोंद व्हायची. तीन नोंदी झाल्या की ती जागा यादीत खाली थांबलेल्या मुलीला. शिवांजलीच्या नावापुढं दोन नोंदी होत्या. दोन्ही वेळा दुपारी जुन्या तासांचे व्हिडिओ पाहिले होते आणि संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास दिवसाचे दोन जीबी संपले होते. तिच्या चेहऱ्याचा चौकोन पडद्यावर गोठला होता आणि नाहीसा झाला होता.

“आप्पा, मला दोनच पुरंना झालेत,” ती म्हणाली. “मला तीन लागतील.”

“तीन? आन का? तू काय सुभेदार हायेस?”

“आप्पा, एक जीबीत वर्ग अर्धाच होतो. अजून एकदा गळाले की माझं नाव कापतील.”

“मग आईच्या फोनवरनं घे की नेट.”

“तिच्यात बी एकच असणार. मधीच दुसऱ्या फोनवर गेलं की जोडणी तुटलीच.”

“लागंल तवा वरनं पंधरा-वीस रुपयांचं टाकू.”

“रोजच लागणार हाय, आप्पा. महिन्याचे पाचशे होत्यात.”

“मग पाचजणांत एकीलाच जादा द्यायचं?” हंबीररावांनी वही मिटली. “आज तुला दिलं, उद्या आणखी कुणाला. न्हाई. विषय संपला.”

शिवांजली उठून परसात गेली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण कढीपत्त्याच्या झाडाशी पोचेपर्यंतच तिचा तो निश्चय टिकला.

दुपारच्या एसटीनं उमा आत्या आली. नागपंचमीला दरवर्षी ती चार दिवस आधीच माहेरी यायची. हंबीररावांची ही थोरली बहीण माधवनगरला राहते. सांगलीच्या टेलिफोन कचेरीत तिनं एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. पिशवी ठेवून तिनं पाणी प्यायलं, भाचीचे डोळे पाहिले आणि सरळ विचारलं, “कोण बोललं?”

सगळं ऐकून झाल्यावर आत्या हसली. “हंबीर रडण्याला भीक घालत न्हाई गं. आकड्याला मात्र सलाम ठोकतोय. तुझ्या फोनात किती जातंय ते मोजलंस का?”

“अंदाज हाय.”

“अंदाज नगं. आमच्या वेळी ट्रंक कॉल लागला की तीन मिनिटांनी आमीच मधी बोलायचो. ‘तीन मिनिटं झाली, पुढं चालू ठेवू का?’ माणसं वैतागायची. एक व्यापारी तर मला रोज शिव्या घालायचा. पण आपण किती वापरलं, पुढं किती पडणार, हे त्याला ठाव असायचं. आता मधी बोलणारं कुणी न्हाई, शिवा. मग आपुनच आपल्याला इचारायला नको का? तू सायन्सची ना? मोज!”

शिवांजलीला ओशाळल्यासारखं झालं. प्रयोगशाळेत ती आम्लाचा थेंब न् थेंब मोजत असे. आणि घरात रोज काय वाहून जातंय याच्याकडं तिनं कधी बघितलंही नव्हतं! ती तशीच उठली. कोणत्याही स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये महिन्याभरात किती डेटा गेला ते लिहिलेलं असतं. तिनं आधी आपला फोन उघडला. अठ्ठावीस दिवसांत चोपन्न जीबी. त्यातला बहुतेक सगळा वर्गाचा. आईचा फोन: आठ जीबी. शेतातून जेवायला आलेल्या आप्पांचा फोन तिनं ‘जरा बघू’ म्हणून घेतला: चौदा.

मग ती आजीकडं गेली.

“आजी, तुझा फोन दे. डेटा किती वापरलास बघते.”

“काय वापरला?”

“डेटा. आप्पा तुला रोज दोन जीबी देत्यात.”

साळूबाईंनी दोन्ही हात झटकले. “मला? कवा दिलं गं ह्यानं? मी तर अजून डोळ्यांनी बी बघितलं न्हाई! कुठं ठेवलंय?”

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. शिवांजलीही हसली, आणि हसता हसताच थांबली.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “आजीचं शून्य हाय. मग डब्याचं?”

शनिवारी सकाळी वीज नव्हती. दोघी विहिरीवर गेल्या. आत्यानं आधी खांबावरचा मुख्य खटका खाली ओढला, दोनदा तपासला, मगच डबा उघडू दिला. शिवांजलीनं केसातल्या पिनेनं सिमकार्ड बाहेर काढलं आणि आपल्या फोनच्या रिकाम्या खाचेत बसवलं. कंपनीचं ॲप उघडलं. चक्र फिरत राहिलं. भोवती ऊस पुरुषभर उंच झालेला, वारा नाही, आणि दोघी श्वास रोखून त्या एवढ्याशा पडद्याकडं बघत उभ्या!

‘आजचा शिल्लक डेटा: दोनपैकी दोन जीबी.’

“काल?” आत्यानं विचारलं.

“शून्य वापर.”

“परवा?”

“शून्य. आत्या, अठ्ठावीस दिवस! एक थेंबसुद्धा नाही!”

“डबा काय रील बघत बसणार हाय व्हय?” आत्या म्हणाली. पण तिचेही डोळे चमकत होते.

सिमकार्ड जागेवर बसवून दोघी बांधावर टेकल्या. शिवांजलीनं वही मांडीवर घेतली. पाच नंबर, रोज दोन, अठ्ठावीस दिवस: दोनशे ऐंशी जीबी विकत घेतले. वापरले किती? चोपन्न, आठ आणि चौदा: शहात्तर. उरलेले दोनशे चार जीबी थोडे थोडे करून रोज रात्री बाराला आपोआप रद्द होत होते. दुसऱ्या दिवसात जात नव्हते, दुसऱ्याला देता येत नव्हते, परत करता येत नव्हते. आणि ते कोणत्या घरात? जिथं एका मुलीला रोज एक जीबी कमी पडत होता!

“अजून एक लिही,” आत्या म्हणाली. “हा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षातनं रिचार्ज किती होणार?”

“बारा... नाही! तेरा! आत्या, आप्पा बाराच धरतात.”

“सगळेच धरत्यात. म्हणून तर ते अठ्ठावीस हाय.”

संध्याकाळी पाचला हंबीरराव शेतातून आले. हातपाय धुऊन चहाला बसले, तशी वही त्यांच्यापुढं आली. त्यांनी ती दोनदा वाचली. आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “हिशोब बरोबर हाय. पण त्याला काय करणार? कंपनीचे पॅकच तसले.”

“हंबीर,” आत्यानं स्टूल पुढं ओढलं, “तुझ्या स्टोअरात समज एक तुकडी आली. माणसं शहात्तर. शिधा उचलला दोनशे ऐंशींचा. उरलेला रोज रात्री खड्ड्यात वतला. तू काय केलं असतंस?”

“चौकशी लावली असती!”

“आन मागणीच्या कागदावर सही तुझीच असती तर?”

हंबीररावांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. “आक्का, मी सगळ्यांना सारखं देतोय. कुणाला कमी-जास्त केलं की घरात मनं फाटत्यात. आयला कमी आन पोरीला जादा? गाव काय म्हणंल?”

“बरं. मला एक सांग. पुण्यात राहणाऱ्या जवानाला कांबळी किती द्यायचास?”

“एक.”

“आन वर बर्फात जाणाऱ्याला?”

“चार. वर जादा मोजे, जाकीट, बूट येगळे.” इथं मात्र हंबीररावांचा आवाज चढला. “ज्या जागी माणूस, त्या जागेचा सरंजाम. त्यात कसूर केली तर पोरगा गारठून मरंल!”

“पुण्यातल्यानं कधी तक्रार केली का, त्याला चार आन मला एकच म्हणून?”

“तो कशाला करंल?”

“मग,” आत्या सावकाश म्हणाली, “आपली शिवा बर्फात उभी हाय, हंबीर. रोज अडीच तास. आन तू तिचं कांबळं विहिरीवरच्या डब्याला पांघरतोयस.”

हंबीररावांनी लेकीकडं पाहिलं. तिच्या वर्गाची वेळ झाली होती. ती वही तिथंच ठेवून आत पळत होती, तिसरी नोंद होऊ नये म्हणून. कितीतरी वेळ ते त्या दाराकडंच बघत राहिले.

साळूबाई पुढं सरकल्या. “मला ते बघायचंच न्हाई रं बाबा, काय ते जीबी. तिला देऊन टाक. मला उमाचा फोन आला की बास.”

“पण आय, नुसत्या बोलण्याचा पॅक आता येतच न्हाई,” हंबीरराव म्हणाले. या वेळी आवाजात अडून बसणं नव्हतं, अडचण होती. “जोतीराम म्हणतोय. डेटा घ्यायलाच लागतोय.”

“येतोय,” आत्या म्हणाली. “नियमच केलाय, नुसत्या बोलण्याचा आन मेसेजचा पॅक कंपन्यांनी ठेवायलाच पायजे म्हणून. मी पेपरात वाचलंय. उद्या जाऊ.”

रविवारी सकाळी चौकातल्या जोतीरामच्या मोबाईल दुकानापुढं गर्दी होती. अर्ध्या गावाची मुदत एकाच आठवड्यात संपायची. हंबीरराव, आत्या आणि शिवांजली रांगेत उभी राहिली. पॅक मिळाला तर पैसे वाचून शिवांजलीचा वर्ग टिकणार होता. नाही मिळाला तर उद्या, सोमवारी, साडेसातच्या आत सगळं संपणार होतं.

“काय हवालदार, पाच न्हेहमीचे?” जोतीरामनं विचारलं.

“थांब. दोन नंबरांना नुसतं बोलण्याचं टाक. डेटा नगं.”

“तसलं बंद झालं, दादा. बघा की,” त्यानं फोन फिरवून दाखवला. पडद्यावर मोठ्या रंगीत चौकटी होत्या. ‘सर्वाधिक पसंतीचा’, ‘अमर्याद’, ‘आजच घ्या’. सगळ्यात डेटा.

“खाली सरकव,” आत्या म्हणाली.

“आक्का, खाली तेच असतंय.”

“सरकव की. तुझं बोट दुखतंय का?”

मागं कुणीतरी हसलं. जोतीरामनं बोट सरकवलं. क्रिकेटचा पॅक. सिनेमांचा पॅक. परदेशी जाणाऱ्यांचा पॅक. शिवांजली काउंटरवर ओणवी झाली होती. अजून खाली. अजून. चौकटींचे रंग संपले, अक्षरं बारीक झाली, आणि—

“तो बघा!” ती ओरडलीच. “तो! शेवटून दुसरा!”

जोतीरामनं डोळे बारीक करून वाचलं. “अमर्याद कॉल... मेसेज... मुदत चौऱ्याऐंशी दिवस... साडेचारशे रुपये. डेटा न्हाई.” त्यानं मान वर केली. तो खरोखरच चकित झाला होता. “आईशपथ, दादा! कुणी मागतच न्हाई, म्हणून मी बी कवा इतकं खाली गेलोच न्हाई!”

“चौऱ्याऐंशी म्हणजे अठ्ठावीसचे तीन,” शिवांजली घाईघाईनं म्हणाली. “म्हणजे एका वेळचे दीडशे पडले! आप्पा, तीनशे एकोणपन्नासच्या जागी दीडशे! आजीचे आन डब्याचे मिळून तीनशे!”

आता रांग रांग राहिली नाही. माणसं काउंटरला भिडली.

“माझ्या बी विहिरीवर डबा हाय की रं!”

“माझे तर दोन हायत! दोन वर्सं मी काय त्या मोटारीला शिनेमा दाखवत हुतो व्हय?”

“माझ्या म्हाताऱ्याचा बटणाचा फोन, त्याला बी मोठाच मारत आलोय!”

“जोत्या, आधी मला टाक!”

“गप बसा सगळे!” हंबीररावांचा परेडच्या मैदानावरचा आवाज खणखणला आणि खरंच सगळे गप झाले. त्यांनी खिशातून वही काढली. पण वाचली नाही. लेकीच्या हातात दिली. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, “इतकी वर्सं मी सारखं देण्याला न्याय समजत हुतो. चुकलं माझं. ज्याला लागत न्हाई त्याच्या ताटात वाढलं आन जिला लागत हुतं तिच्या ताटातनं काढाय निघालो. जोतीराम, आयला आन डब्याला हे खालचं. मला आन शिवाच्या आईला एक-एक जीबीचं, दोनशे नव्व्याण्णवचं. आन ही माझी शिवा. हिला तीन जीबी. साडेचारशेला एक कमी हाय ना? टाक!”

शिवांजलीनं तिथंच बेरीज केली. तेराशे सत्तेचाळीस. सगळ्यांचं सरसकट कमी करून आप्पा अडीचशे रुपये वाचवणार होते. विचारून दिल्यावर चारशेला दोनच कमी वाचले! तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. आत्यानं तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

सोमवारी दुपारी तिनं दोन जुने तास पाहिले. मुद्दाम. सहाला वर्ग सुरू झाला. सव्वासात वाजले, साडेसात वाजले. दाराबाहेर हंबीरराव येरझाऱ्या घालत होते आणि कुणी मोठ्यानं बोललं की बोट ओठांवर ठेवत होते. साडेआठला बाईंनी हजेरी घेतली. “शिवांजली?” “हजर, बाई!” असा हजर त्या घरात आजवर कुणी म्हटला नव्हता. माजघरात बसलेल्या साळूबाईसुद्धा दचकल्या.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. दुसऱ्या दिवशी, नागपंचमीच्या सकाळी, गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या हरणाबाई बटणांचा फोन पदरात गुंडाळून आल्या. चौकातली हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“हवालदार, माझा बी संपलाय म्हणं. तुमाला बरं वाटंल त्यो टाका. मला त्यातलं काय कळतंय?”

दोन आठवड्यांपूर्वी हंबीररावांनी ‘न्हेहमीचा टाका’ म्हणून त्यांना जोतीरामकडं धाडलं असतं. आज त्यांनी बसायला पाट दिला.

“हरणामावशी, आधी तुमी सांगा. फोनवर तुमी काय करता?”

म्हातारी गोंधळली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. दुकानदारानं नाही, कंपनीनं नाही, पुण्याहून पैसे धाडणाऱ्या मुलानंही नाही.

“काय करणार, बाबा? आयतवारी लेकीचा फोन येतो. तवा बोलते. बाकीचं दिस त्याच्याकडं बघत बसते.”

“मग तुमाला बोलण्याचंच लागतंय,” हंबीरराव म्हणाले आणि वहीत त्यांचं नाव लिहायला त्यांनी लेकीकडं पेन मागितलं.

मित्रहो, कंपनी आपला माल विकणार. मोठी चौकट वर ठेवणार आणि छोटी खाली. ते बदलायला नियम हवेत, आणि ते पाळले जात नसतील तर लेखी तक्रार करून तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवणं हा आपला हक्क आहे. पण त्याच्याही आधीचं एक काम आपल्याच घरात आहे. आपण काय वापरतो ते मोजा. ज्याच्यासाठी घेता त्याला विचारा. दुकानात गेल्यावर पडद्याच्या अगदी तळापर्यंत जा. न वापरलेल्या डेटाचे पैसे भरणं हे नुसतं नुकसान नाही. घरातल्या ज्याला खरंच गरज आहे, त्याच्या वाट्याचं ते कुठंतरी रात्री बाराला रद्द होत असतं. आणि सारखं वाटणं सोपं आहे म्हणून ते न्यायाचं ठरत नाही. न्यायासाठी आधी समोरच्या माणसाची गरज विचारावी लागते!